उजनीपासून कुडलपर्यंत, वल्हवत

नदीच्या प्रदूषणाविषयी सोलापुरात कार्यक्रम करायचा ठरले की सभागृह मिळते, वक्ते मिळतात, फलकही वेळेवर छापून येतात. नदी मात्र त्या कार्यक्रमात कुठेच नसते. आपले शहर भीमेच्या काठी वसलेले नाही. आपल्या नळाला येणारे पाणी काही अंशी सुमारे ११० किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने थेट उजनीतून, काही अंशी भीमेवरच्या टाकळीच्या पंपगृहातून आणि काही अंशी हिप्परग्याच्या तलावातून येते. शिवाय ते चार-पाच दिवसांआड येत असल्यामुळे ते कधी येणार याची चौकशी प्रत्येक गल्लीत होते. ते कुठून आणि कोणत्या अवस्थेत येते, ही चौकशी करायला कोणाजवळ उसंत उरत नाही. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात आम्ही काही मित्रांनी उजनी धरणाच्या खालपासून दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुडलपर्यंत, जिथे सीना भीमेला मिळते तिथपर्यंत, नदीतून वल्हवत जायचे ठरवले. वाटेतल्या गावांत थांबायचे, शाळांत बोलायचे, पाण्याचे नमुने घ्यायचे आणि काठावरून जे दिसत नाही ते पाहून लिहून ठेवायचे, एवढाच बेत होता.

या प्रवासाला योग्य वेळ शोधणे हेच पहिले काम होते, कारण उजनीच्या खालची भीमा वर्षभर वाहत नाही. पावसाळा सरला की ती बंधाऱ्याबंधाऱ्यांत अडकलेल्या डोहांची एक माळ होऊन राहते आणि धरणातून पाळी, म्हणजे ठरावीक वेळी सोडले जाणारे पाणी, सुटली तरच तिला प्रवाह येतो. सोलापूर, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा या गावांच्या पिण्याच्या पाण्यासाठी नदीत सोडलेले पाणी औज बंधाऱ्यापर्यंत पोचायला आठवडा-दहा दिवस लागतात आणि ते वाटेत उपसले जाऊ नये म्हणून काठावरच्या मोटारींची वीज तोडली जाते. आम्ही याच पाळीच्या पाण्यावर, त्याच्या मागोमाग निघालो. पाटबंधारे खात्याला आणि पोलिसांना लेखी कळवले होते. प्लॅस्टिकच्या कयाक होत्या, सामानासाठी एक साधी होडी होती आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणीही पाण्यावर जायचे नाही असा कडक नियम होता. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान उजनीच्या जलाशयात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला, ही गोष्ट आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात ताजी होती.

भीमा भीमाशंकरला उगम पावते आणि सुमारे ८६० किलोमीटर वाहून रायचूरच्या परिसरात कृष्णेला मिळते. या लांब प्रवासाच्या मध्यावर नव्हे, बऱ्याच अलीकडे उजनीचे धरण आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, असून त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ टीएमसी, हा मृतसाठा आहे. धरणाची टक्केवारी त्याच्या वरच्या उपयुक्त साठ्यावर मोजतात, म्हणून पाणी मृतसाठ्यात उतरले की ती उणे होते. आपल्या जिल्ह्यात ‘उजनी प्लसमध्ये आली का’ हा प्रश्न जून-जुलैत घरोघरी विचारला जातो तो या मृतसाठ्यामुळेच. २०२४ च्या उन्हाळ्यात तर साठा उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेला होता. साठा उणे होतो तेव्हा आपण पाण्याच्या मापाची चिंता करतो, पण त्याच वेळी तळाशी वर्षानुवर्षे साचलेला गाळ आणि त्या गाळातली घाण उरलेल्या थोड्या पाण्यात अधिक दाट होते, याकडे आपले लक्ष जात नाही. धरणाच्या वर पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन महानगरे आहेत. मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्या त्यांचे सांडपाणी घेऊन भीमेला मिळतात आणि भीमा ते सारे उजनीत आणून सोडते. जलाशय एवढा विस्तीर्ण आणि उथळ आहे की पाणी तिथे थांबते, तापते आणि सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांच्यावर शेवाळ पोसले जाते. उन्हाळ्यात उजनीचे पाणी हिरवेगार दिसते ते या निळ्या-हिरव्या शेवाळामुळे. या शेवाळाच्या काही जाती विषारी द्रव्येही तयार करतात, त्यामुळे हा केवळ रंगाचा आणि वासाचा प्रश्न राहत नाही.

धरणाच्या खाली भीमानगरजवळ आम्ही पाण्यात उतरलो तेव्हा तो रंग हिवाळा असूनही पुसट स्वरूपात होताच. कयाकमध्ये बसणारा माणूस जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतो आणि वल्ह्याचे पाणी प्रत्येक फटक्याला मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते. नदीपासून अंतर राखण्याची काही सोयच उरत नाही. पुलावरून जाताना नदीचा पट्टा दिसतो, घाटावरून पायऱ्या आणि देवळे दिसतात. नदीच्या पात्रातून मात्र नाल्यांची तोंडे दिसतात, कारण ती सगळी नदीकडे वळवलेली असतात आणि गावाने त्यांच्याकडे पाठ केलेली असते. एखादा नाला नजरेस पडण्याआधी त्याचा वास येतो, मग पाण्याच्या रंगात एक राखाडी रेघ सुरू होते, ती काठाकाठाने बरीच लांब जाते आणि मग पाण्यात मिसळून दिसेनाशी होते. दिसेनाशी झाली म्हणजे घाण संपली असे नव्हे, हे तपासायलाच आम्ही बाटल्या घेतल्या होत्या.

नमुने घेण्याचे काम थोडे सविस्तर सांगतो, कारण या प्रवासात मला त्याचेच मोल सर्वांत जास्त वाटले. आमच्यापैकी एक जण रसायनशास्त्राचा अध्यापक आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत शंभर वर्षांहून जुनी आणि अजूनही विश्वासाची आहे. बाटली बुडबुडा राहू न देता काठोकाठ भरायची, तिच्यात आधी मँगनीज सल्फेट आणि मग आयोडाइड मिसळलेला अल्कली सोडायचा आणि बूच लावून ती उलटी-सुलटी करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर साका पांढरा राहतो. नेमका आकडा पुढे आम्ल घालून, थायोसल्फेटने अनुमापन केल्यावर मिळतो. पण तो येण्याआधीच साक्याचा रंग शाळेतल्या मुलालाही सगळे सांगून टाकतो. यात वेळेचे महत्त्व फार आहे. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते, त्यामुळे दुपारी घेतलेला नमुना शेवाळलेल्या पाण्यालाही उत्तम गुण देतो. रात्रभर मात्र तेच शेवाळ प्राणवायू खात राहते आणि सूर्योदयापूर्वी पाणी सर्वांत रिते असते. मासे मरतात ते बहुधा या वेळेस. म्हणून आम्ही एकाच जागेचा नमुना पहाटे आणि दुपारी असा दोनदा घेत होतो, आणि काही डोहांत या दोन बाटल्यांचे रंग इतके वेगळे निघाले की त्या एकाच नदीच्या आहेत हे काठावर जमलेल्या लोकांना पटेना.

स्नानासाठी नदीचे पाणी योग्य ठरायचे तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार त्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा लागतो, जैविक प्राणवायू मागणी (बीओडी), म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये आणि मैलाजन्य जिवाणू १०० मिलिलिटरमागे शक्यतो ५०० पर्यंत, फार तर २५०० पर्यंत चालतात. बीओडी ३ च्या वर गेलेल्या नदीपट्ट्यांची यादी हे मंडळ प्रसिद्ध करते. २०२२ च्या अहवालात देशभरात असे ३११ पट्टे होते आणि त्यांतले ५५ महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. ही माहिती कोणालाही मिळू शकते. तरीही ती वाचून गाव हलत नाही, आणि माझ्या मते त्याचे कारण असे की तो आकडा कोणत्या तरी कार्यालयाने काढलेला असतो. आपल्या डोळ्यांदेखत आपल्याच घाटावरची बाटली भरली जाते तेव्हा माणूस वेगळ्या तऱ्हेने ऐकतो. जर्मनीतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक आंद्रेयास फाथ यांनी २०१४ मध्ये ऱ्हाइन नदी उगमापासून मुखापर्यंत, सुमारे १२३० किलोमीटर, पोहत पार केली आणि वाटेत रोज पाण्याचे नमुने घेतले. त्यांच्या या उपक्रमातले मला सर्वांत अनुकरणीय वाटते ते हेच, की लोक पोहणाऱ्याला पाहायला आले आणि परत जाताना आपल्या नदीत काय आहे हे ऐकून गेले. आमचा पल्ला त्यांच्या तुलनेत अगदीच लहान होता, पण पद्धत तीच ठेवायचा प्रयत्न आम्ही केला.

धरणाखाली नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. संगमावर थांबलो असताना माझ्या मनात एक विचार आला आणि पंढरपूरपर्यंत तो सुटला नाही. आषाढीला देहूहून आणि आळंदीहून पालख्या निघतात, त्या इंद्रायणीच्या काठावरून. माउलींच्या पादुकांना वाटेत नीरेत स्नान घातले जाते आणि शेवटी सगळा वैष्णवांचा मेळा चंद्रभागेत उतरतो. पालख्या रस्त्याने येतात. पण देहू-आळंदीची इंद्रायणीसुद्धा तुळापूरला भीमेला मिळून, उजनीत थांबून, पुढे नरसिंहपूरला नीरेला सोबत घेऊन पंढरपूरलाच येते. आळंदीच्या घाटावर इंद्रायणीवर जो पांढरा फेस तरंगताना आपण बातम्यांत पाहतो, तो साबण आणि डिटर्जंट यांच्या सांडपाण्याचा असतो, आणि त्या फेसाखालचे पाणीही पंढरीच्याच वाटेवर असते. वारीच्या वाटेवर अन्नदान करणारी, पाय दाबून देणारी, पाण्याचे टँकर उभे करणारी हजारो माणसे आहेत. ही दुसरी वाट सांभाळणारे मात्र फार थोडे आहेत. वारकरी संप्रदायाने हा विषय आपला म्हणून हाती घेतला, तर कोणत्याही सरकारी मोहिमेपेक्षा त्याचा परिणाम मोठा होईल, अशी माझी प्रामाणिक श्रद्धा आहे.

नरसिंहपूर ते पंढरपूर हा पल्ला वल्हवायला अवघड नाही, पण सावध राहावे लागते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असोत की काढलेले, कयाक पाण्याबाहेर काढून खांद्यावरूनच पलीकडे न्यावी लागते, कारण बंधाऱ्याखाली उलटे फिरणारे पाणी चांगल्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही. काठाकाठाने मोटारींचे पाइप आणि केबल पाण्यात उतरलेले असतात. वाळूउपशाने पात्रात असे खोल खड्डे पडले आहेत की गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या पावलाला बुडू शकतो. वाळू गेली म्हणजे केवळ बांधकामाचा माल गेला असे नाही. वाळूच्या थरांतून झिरपताना पाणी गाळले जात होते आणि नदीला तिची स्वतःची स्वच्छता करण्याचे तेच मोठे साधन होते. सांडपाणी वाढत गेले त्याच वर्षांत आपण नदीची गाळणी उपसून विकली.

पंढरपुरात आमच्या सामानाच्या होडीवर एक वयस्क नावाडी सोबतीला आले. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या चंद्रभागेत होड्या चालवल्या आहेत. पुंडलिकाच्या देवळाजवळून जाताना ते म्हणाले, “माउली, आम्ही लहान असताना तहान लागली की होडीतनंच ओंजळ भरून पाणी प्यायचो. आता म्हातारी माणसं तीर्थ म्हणून तोंडात घालतात, तेव्हा मला दुसरीकडं बघावं लागतं. नको म्हणावं तर त्यांचा भाव मोडतो, आणि घ्या म्हणावं तर माझं मन खातं.” या वाक्यानंतर मला त्यांना विचारायचे काही उरले नव्हते. वारीच्या दिवसांत लाखो माणसे इथे येतात. उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर वाळवंटातल्या राहुट्या हलवून नदीपलीकडे ६५ एकराच्या जागेवर सोय केली गेली, तात्पुरती शौचालये मोठ्या संख्येने उभी राहू लागली आणि वाळवंटाची अवस्था पूर्वीपेक्षा निश्चितच सुधारली, हे नावाड्यांनीही मोकळेपणाने सांगितले. २०१६ मध्ये राज्य शासनाने ‘नमामि चंद्रभागा’ ही मोहीम जाहीर केली आणि नदी २०२२ पर्यंत निर्मळ करण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते वर्ष मागे पडले आहे. नदीत सोडलेले कपडे, द्रोण, हार आणि प्लॅस्टिक आम्ही होडीत गोळा करत होतो, पण ते डोळ्यांना खुपते म्हणून त्यालाच प्रदूषण समजण्याची चूक होऊ नये. गोळा करता येणारी घाण तुलनेने निरुपद्रवी असते. खरी हानी पाण्यात विरघळलेल्या घाणीने होते आणि तिला जाळी लावता येत नाही.

हे गावोगावी दाखवण्यासाठी आमच्याजवळ आणखी एक साधन होते. पाण्यात मैलाजन्य जिवाणू असतील तर काळी पडणारी एक छोटी बाटली मिळते. ग्रामीण पाणीपुरवठ्यात ती पुष्कळ वर्षे वापरली जात आहे. पाणी भरायचे आणि एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायचे, इतकेच. आम्ही काठावरच्या शाळांत मुलांच्याच हातून घाटाचे पाणी त्यात भरून घेत होतो आणि बाटली वर्गातच ठेवून पुढे जात होतो. नंतर शिक्षकांचे फोन येत. बाटली काळी झाल्यावर मुलांनी ती आधी घरी नेऊन दाखवली, मग काही ठिकाणी ग्रामपंचायतीत नेली. एका गावातल्या आजीने शिक्षकांना निरोप पाठवला होता की पोरांना असले काही दाखवून घाबरवू नका. मला तिचा राग समजतो, कारण तिचे सगळे आयुष्य त्या पाण्यावर गेले आहे. तरीही मुलांनी ते पाहायलाच हवे, असे माझे मत आहे.

पंढरपूरच्या खाली सरकोलीजवळ माण नदी मिळते आणि भीमा रुंद, संथ होते. मासेमारी करणाऱ्यांच्या जाळ्यात इथे बहुतेक चिलापीच सापडते. कमी प्राणवायूतही तग धरणारा हा परका मासा आहे. वाम, मरळ, आहेर यांची नावे जुनी माणसे घेतात, तरुणांना ती ऐकूनच माहीत आहेत. या पट्ट्यात लोक साखर कारखान्यांविषयी बोलतात, पण आवाज खाली आणून बोलतात, कारण जवळजवळ प्रत्येक घराचा ऊस कुठल्या ना कुठल्या कारखान्याला जातो. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याची बीओडी लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्याही पुढे असते. स्नानाच्या पाण्याचा निकष ३ आहे हे आठवले म्हणजे त्याचा थोडासा अंशही नदीला काय करू शकतो हे कळते. नियमाप्रमाणे त्याचा एक थेंबही बाहेर पडता कामा नये. पहिल्या पावसाच्या पुराचा आडोसा घेऊन कोणी तरी काही तरी सोडते आणि दुसऱ्या दिवशी मासे तरंगतात, असे एकाहून अधिक गावांत ऐकले. आम्ही गेलो तेव्हा तसे काही दिसले नाही, म्हणून याहून अधिक लिहिणे योग्य होणार नाही. मात्र पुढच्या पावसाळ्यात पहिल्या पुराच्या सकाळी नमुना कोणी घ्यायचा, हे काही गावांनी आमच्यासमोरच ठरवले.

माचणूरच्या सिद्धेश्वराच्या घाटावर मुक्काम केला. सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाची छावणी याच परिसरात ब्रह्मपुरीला अनेक वर्षे पडली होती. तिथून वडापूर करत टाकळीच्या बाजूला येईपर्यंत माझ्या मनात एक ओझे वाढत होते. सोलापूर जिल्ह्यात उजनीच्या प्रदूषणाची चर्चा निघाली की बोट पुण्याकडे जाते. ते बरोबरच आहे. महानगरांनी आपले सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडले पाहिजे. जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जातून ११ मैलाशुद्धीकरण केंद्रांची, एकूण प्रतिदिन ३९.६ कोटी लिटर क्षमतेची योजना पुण्यासाठी २०१६ पासून मंजूर आहे आणि तिला झालेल्या विलंबाचा भार खालच्या जिल्ह्याने सोसला आहे. या मागणीत आपण जरासुद्धा ढिले पडता कामा नये.

पण कुडलला सीना भीमेला मिळते, आणि सोलापूर शहरातले नाले सीनेकडे वाहतात. आपली घरे, आपले दवाखाने, टॉवेल आणि चादरींसाठी सूत रंगवणारे कारखाने, औद्योगिक वसाहती यांचे जे पाणी शुद्ध न होता सुटते ते या संगमावर भीमेत पडते. तिथून नदी काही अंतर दोन राज्यांच्या सीमेने जाते आणि कर्नाटकात अफझलपूरकडून गाणगापूरला पोचते. गाणगापूरला भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर स्नान करायला सोलापुरातून पौर्णिमेला किती लोक जातात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. माझ्या घरातलेही जातात. पुण्याहून येणाऱ्या पाण्याविषयी आपल्याला जे वाटते तेच वाटण्याचा अधिकार अफझलपूरच्या शेतकऱ्याला आपल्याविषयी आहे. हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. हजार वर्षांपूर्वी ज्या संगमाला लोकांनी इतके पवित्र मानले, तिथे सीनेच्या मुखाशी बाटली भरताना आम्हा सोलापूरकरांना पुण्याचे नाव घेण्याची सोय नव्हती. तिथला साका फिकट निघाला.

परतल्यावर आम्ही नमुन्यांच्या सगळ्या नोंदी, ठिकाण, तारीख आणि वेळ यांच्यासह, वाटेतल्या ग्रामपंचायतींना, पंढरपूर नगरपरिषदेला, सोलापूर महानगरपालिकेला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयाला लेखी दिल्या. काही शाळांनी दर महिन्याला पहाटेचा नमुना घेण्याचे काम स्वीकारले आहे. त्यांना रसायने पोचवण्याची जबाबदारी आमची. आता शहरातल्या नाल्यांपासून सुरुवात करायची आहे. हिप्परग्याच्या तलावाखालून येणारी आदिला नदी, देगावकडचा नाला आणि सीनेचा काठ हे सगळे पायी फिरून कोणता नाला कुठे सुटतो, त्यातले किती पाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचते आणि किती वाटेतच नदी गाठते, याचा नकाशा करणार आहोत. तो तयार झाला की पुढच्या पाळीच्या वेळी कुडलपासून खाली, अफझलपूरच्या मित्रांना सोबत घेऊन गाणगापूरपर्यंत वल्हवत जायचे आहे. ज्यांना पोहता येते त्यांनी होडीसाठी यावे आणि ज्यांना येत नाही त्यांनी नाल्यांच्या पाहणीसाठी यावे. दोन्हीकडे माणसे कमी आहेत.